तासाला ११८० रुपयांचा समुद्र

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे ५१ वर्षांचे शेतकरी आहेत, अमरावती जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यातले. सहा एकर वावर, त्यातल्या साडेतीन एकरांत बाग. मुलगी पुण्यात नोकरीला. येत्या फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला २५ वर्षं होतात, म्हणून मुलीनं आईवडिलांसाठी दक्षिण गोव्यात समुद्राला लागून असलेल्या एका पंचतारांकित रिसॉर्टमध्ये दोन रात्रींची खोली घेतली. भाडं रात्रीला २२,००० रुपये, कर वेगळा. दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. ते लिहितात, “आकडा कळल्यापासून झोप नाही. एवढ्या पैशात बागेचं वर्षाचं खत येते. दोन रात्री झोपायचे एवढे पैसे कोणी देते का? तिथं आपण शोभू तरी का? अन् ते संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी द्यायचे दिवस. रद्द कर म्हणून पोरीला सांगावं वाटते. बायकोला विचारलं तर म्हणते, तुमाले जसं वाटन तसं करा. १८ जानेवारीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत भेटतात. काय करू?”

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडेच दिसले, कारण ते तुम्ही चार ठिकाणी लिहिले आहेत. दुसऱ्यांदा वाचताना एक ओळ सापडली. तुम्ही सहज लिहून गेलात की वहिनींनी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली आणि दोन साड्या इस्त्रीला दिल्या. पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणता, “तिला काही विशेष वाटत नाही.”

‘तुमाले जसं वाटन तसं करा’ हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले, पुढे मोठ्या जावेच्या तोंडून ऐकलं. नको असेल तर आपल्याकडच्या बाया सरळ ‘नको’ म्हणतात, आवाजाला थोडी धार आणून म्हणतात. मनातून पाहिजे असतं आणि मागायचा संकोच असतो, तेव्हा हे वाक्य येतं. म्हणून माझी पहिली विनंती ही की पुन्हा विचारा, आणि वेगळं विचारा. “जायचं का?” असं नको. “समुद्रावर गेल्यावर तुला काय करायचं आहे?” असं विचारा. या प्रश्नाला ‘तुमाले वाटन तसं’ हे उत्तर देता येत नाही.

आता खताबद्दल. ही तुलना मला कळते, आपण सगळे अशीच करतो. लग्नाचा मांडव असो की पोराची फी, प्रत्येक खर्च आपल्या डोक्यात एकरात, पोत्यात, क्विंटलमध्ये उतरतो. पण इथं एक गोष्ट निसटते आहे. हे पैसे खताला जाणारच नव्हते. बुकिंग रद्द केलं तर ते मुलीच्या खात्यात परत जातील, तुमच्या बागेत येणार नाहीत. तुम्ही मागितले तर ती देईलही, पण मग तिनं आईबापाला दिलेली भेट परत घेऊन तुम्ही तिच्याकडून खत घेतलं, असं होईल. ते तुम्हालाच रुचणार नाही.

विचारायचं ते वेगळं आहे, आणि तो तुमचा हक्क आहे. हे पैसे तिनं साठवलेले आहेत की क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर काढलेले? साठवलेले असतील तर मोकळ्या मनानं जा. हप्त्यांवर असतील तर मात्र तिच्याशी बोला, न रागावता बोला. “बाई, व्याजाचा समुद्र नको, आपण लहान खोलीत राहू” असं म्हटलं तर तिला वाईट वाटणार नाही.

(हेच पत्र एखाद्या वाचकानं स्वतःच्या खिशातून खर्च करायच्या बेतानं लिहिलं असतं, तर मी आधी पीककर्जाचं विचारलं असतं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. ते थकवून कोणी समुद्रावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.)

आता तुमचा मूळ प्रश्न, दोन रात्री झोपायचे एवढे पैसे कोणी देतं का? झोपायचेच असतील तर देऊ नयेत. चला, हिशेब मांडू. ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ४४,००० वर ७,९२० आणि एकूण ५१,९२०. अशा ठिकाणी खोली साधारण दुपारी तीनला हातात येते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडावी लागते. ‘दोन रात्री, तीन दिवस’ म्हणतात, पण घड्याळ लावलं तर ते ४४ तास भरतात. ५१,९२० ला ४४ नं भागा. तासाला ११८० रुपये.

हा आकडा भीती घालायला सांगत नाही, वापरायला सांगते. मधल्या दिवशी टॅक्सी करून मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस बॅसिलिका असं आठ तास फिरून आलात, तर त्या आठ तासांत ९,४४० रुपये कुलूप लावलेल्या खोलीचे गेले. ही सगळी ठिकाणं बघण्यासारखी आहेत, जुन्या गोव्यातली चर्चं तर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण ती पणजीत किंवा मडगावात साध्या लॉजवर राहूनही बघता येतात. समुद्रालगतच्या महाग खोलीतून ती बघायला जाणं म्हणजे ओलिताचं वावर घेऊन त्यात कोरडवाहू पीक काढणं.

मग त्या खोलीत विकत काय मिळतं? समुद्र तर मिळत नाही. तो फुकट आहे. आपल्या देशात भरतीच्या रेषेखालचा किनारा कोणा हॉटेलाच्या मालकीचा नसतो. किनारपट्टीच्या नियमांत दोन रिसॉर्टांच्या मधे लोकांना समुद्राकडे जायला किमान २० मीटर रुंद मोकळी जागा सोडायला सांगितली आहे. बाणावलीच्या वाळूवर पाचशे रुपयांच्या खोलीतला माणूसही चालतो आणि पन्नास हजारांच्या खोलीतलाही. ‘प्रायव्हेट बीच’ असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी तिथं फार तर हॉटेलच्या खुर्च्या असतात.

मग विकत काय मिळतं, हे मला माझ्या आईनं दाखवलं.

आई यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. सत्तरी ओलांडल्यावर तिला मी गणपतीपुळ्याला घेऊन गेले. राहायला होतो पर्यटन महामंडळाच्या निवासात, पंचतारांकित वगैरे काही नव्हतं, पण खोलीतून निघालं की लगेच वाळू. पहिल्या संध्याकाळी आई पाण्यापाशी उभी राहिली, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं वाळलेली एक काडी उचलली आणि पाणी जिथवर आलं होतं तिथं वाळूत रोवली. म्हणाली, “पाहू सकाळी कुठवर येते तं.” उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती उतरलं हे ती असंच पाहायची, पायरीवर कोळशाची रेघ मारून. सकाळी पाचला मला जाग आली तर पलंग रिकामा. ती अनवाणी, पदर खोचून, वाळूत काडी शोधत होती. “रात्री आलं अन् घेऊन गेलं,” ती म्हणाली. तिनं दुसरी रोवली. मग नाश्त्यानंतर एकदा, दुपारी भर उन्हात एकदा, रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन एकदा, ती पाहून आली. गुडघे दुखत होते तरी. कारण दहा पावलं परत आलं की खोली, खुर्ची, न्हाणी. कोणाला ‘मला घेऊन चला’ म्हणावं लागत नव्हतं.

त्याआधी कधीतरी मी आणि माझे यजमान एका बऱ्याच महाग रिसॉर्टमध्ये राहिलो होतो. कागदावर ‘सी व्ह्यू’ होतं. बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान डावीकडे वळवली की दोन माडांच्या मधे ओंजळभर निळं दिसायचं. समुद्रापर्यंत बारा मिनिटांची चाल, मधे डांबरी रस्ता, आणि मागचं फाटक संध्याकाळी सातला बंद. आम्ही दोन दिवसांत दोनदा समुद्रावर गेलो. गादी मऊ होती, नाश्त्याला चाळीस पदार्थ होते, सगळे लोक अदबीनं वागत होते. तरीही मला ते पैसे आजवर बोचतात.

या दोन्ही राहण्यांतून मी एवढंच शिकले की समुद्रालगतच्या खोलीत अवेळचा समुद्र मिळतो. पहाटेचा, मध्यरात्रीचा, झोप आली नाही तर उठून बघायचा, कपडे न बदलता, कोणाला न विचारता. तेवढं मिळत असेल आणि तुम्ही ते घेणार असाल तर मोल वसूल. नसेल तर संगमरवर कितीही चकाकला तरी ती फक्त झोपायची खोली.

म्हणून रद्द करण्याआधी मुलीला एक फोन करायला सांगा. बुकिंगच्या ॲपवर नाही, थेट रिसॉर्टच्या रिसेप्शनवर. खोली तळमजल्यावर मिळेल का, दार उघडल्यापासून वाळूपर्यंत किती पावलं, समुद्राकडचं फाटक पहाटे आणि रात्री उघडं असतं का, हे आधी. ‘सी फेसिंग’ म्हणजे समोर समुद्र, ‘सी व्ह्यू’ म्हणजे कुठूनतरी दिसतो, ‘पार्शल’ म्हणजे माझ्यासारखी मान वळवावी लागते, आणि ‘गार्डन व्ह्यू’ म्हणजे बाग. बाग तुमच्याकडे आहे. नाश्ता भाड्यात आहे का, एखादं जेवण धरून किती पडेल, हेही विचारायचं. कारण अशा हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्के कर असतो, बाहेरच्या साध्या खानावळीत ५ टक्के. वहिनी माळकरी आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का हे आत्ताच विचारलेलं बरं. आणि सगळं मिळून किती, तो आकडा मेलवर लेखी मागवायचा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडता येत नाही. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तशी मार्गदर्शक सूचना काढली आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. जोडला तर शांतपणे काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

उत्तरं मनाजोगी आली तर जा. फाटक सातला बंद होतं असं कळलं, तर १८ जानेवारीच्या आत बदला, आणि मुलीला त्याचं कारणही हेच सांगा. “महाग आहे” असं सांगू नका. मग त्याच पैशातले निम्मे घालून तारकर्ली, वेळणेश्वर, गणपतीपुळे अशा ठिकाणी वाळूला लागून असलेल्या साध्या निवासात चार रात्री राहता येईल. ७,५०० पर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्केच आहे, तोही वाचतो. हा पर्याय दुय्यम आहे असं मी मुळीच मानत नाही. पण मुलीनं एक स्वप्न पाहून खोली घेतली आहे, आणि ती खोली चांगली निघाली तर नुसत्या आकड्याला भिऊन ती सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लिहिलंय, “आपण तिथं शोभू तरी का?” भाऊ, हा प्रश्न वाचून मला जरा थांबावं लागलं. २५ वर्षं दोघांनी मिळून बाग उभी केली, लेक शिकवली, आणि तुम्हाला शोभण्याची काळजी? तिथं दारात बॅग उचलायला जो पोरगा येईल तो कुठल्यातरी खेड्यातूनच आलेला असेल. तुमचे पांढरे कपडे आणि वहिनींची इस्त्रीची साडी चांगलीच दिसेल. फक्त काही गोष्टी माहीत असल्या की अवघडायला होत नाही. दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा. रिसेप्शनवर थोडी रक्कम अनामत मागतात, ती नंतर परत मिळते. खोलीत ठेवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या बहुधा फुकट असतात, पण फ्रीजमधल्या वस्तूंचे पैसे लागतात, म्हणून उघडण्याआधी विचारा. पोहण्याच्या तलावात साडी-धोतरानं उतरू देत नाहीत. समुद्रात उतरायला असलं काही बंधन नाही. नाश्ता ताटात हवा तेवढा, हव्या तितक्या वेळा घ्यायचा असतो, तिथं कोणी मोजत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेऱ्याला थांबते. ती आठवड्यातून दोनच दिवस असते आणि मुदत वाढवत वाढवत चालवतात, तेव्हा तारीख आधी पक्की करा. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र जाते. तसं दमून उतरून थेट रिसॉर्टमध्ये शिरू नका, नाहीतर तासाला ११८० रुपये देऊन पहिली संध्याकाळ गाढ झोपेत जाईल. एक दिवस आधी पोहोचा, मडगावात साध्या खोलीत राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशी-शांतादुर्गा उरकून घ्या आणि बरोबर तीनला रिसॉर्टच्या दारात उभे राहा. पुढचे ४४ तास कुठंही जायचं नाही. फक्त त्या तारखा कार्निव्हलच्या चार दिवसांत येत नाहीत ना, ते पाहा. तेव्हा साधी खोलीसुद्धा महाग होते. आणि मुलगी विमानाचं म्हणाली तर दाबोळी विमानतळ मागा, मोपाचा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला आहे आणि तिथून तुमच्या रिसॉर्टपर्यंत टॅक्सीचा खर्च बराच वाढेल.

एका गोष्टीत मात्र मी हट्ट धरणार आहे. तुम्ही विहिरीत पोहणारे असाल. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी ओढतं. पट्टीचे पोहणारे गुडघाभर म्हणता म्हणता छातीपर्यंत गेलेले आणि मागे न येऊ शकलेले लोक दरवर्षी असतात. लाल बावटा असेल तिथं पाय टाकायचा नाही, जीवरक्षक असतील तिथंच उतरायचं, आणि गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती सौम्य. जाण्याआधी पंचांग उघडून तिथी बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे वहिनींना सांगून ठेवा. त्यांना काडी रोवायची असेल तर कामाला येईल.

राहिली बाग. आंबिया धरला की पाण्याच्या पाळ्या चुकवता येत नाहीत, हे मला पटवून द्यायची गरज नाही. पण एकूण पाच-सहा दिवसांचा प्रश्न आहे. तुमच्या ताईच्या आजारपणात तुम्ही आठ दिवस नागपूरला होतात आणि शेजाऱ्यानं ओलीत सांभाळलं, हे तुमच्याच पत्रात आहे. दवाखान्यासाठी बाग सोडता येते, तशी वहिनींसाठीही सोडता येईल. तेव्हा शेजाऱ्यानं तुमच्यासाठी केलं, आता त्याच्या घरी काही निघालं तर तुम्ही करा. निघण्याच्या आदल्या दिवशी एक भरपूर पाळी देऊन ठेवा. रात्रीची लाईन त्या आठवड्यात कोणत्या दिवशी आहे ते विचारून घ्या, आणि त्या रात्री मोटर चालू करायला कोण जाणार ते आजच ठरवा. १८ जानेवारीला अजून वेळ आहे, पण बाकीच्यांच्या बागांनाही तेव्हाच पाणी लागणार, आणि भरवशाचा माणूस ऐन वेळी मिळत नाही.